चीवर घालून विचारलेला प्रश्न

भिक्खू व्हायचं माझ्या मनात पक्कं झालं त्याच दिवशी सकाळी, शर्टाचं बटण तुटलेलं सापडलं म्हणून मी बायकोवर ओरडलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे कोणी मला साधुपुरुष समजायचा. माझा स्वभाव तापट आहे. साधना, म्हणजे माझी बायको, सुईत दोरा ओवता ओवता एवढंच म्हणाली की चीवराला बटणं नसतात, तेवढा तरी फायदा होईल. ती अंगणवाडी चालवते. दिवसभर तीस पोरं सांभाळणाऱ्या बाईला एकतिसावं जड जात नाही.

आणि ‘पक्कं झालं’ हेही मी सवयीनेच म्हटलं. पक्कं काहीच झालं नव्हतं. सकाळी पक्कं व्हायचं, दुपारच्या जेवणानंतर डळमळायचं आणि संध्याकाळी वाटायचं, हे खूळ आपल्या डोक्यात शिरलं तरी कुठून. चाळिशीला टेकलेला माणूस, दहावीतली मुलगी, सरकारी नोकरी. असा माणूस घर सोडायला निघतो तेव्हा त्याला वैराग्य आलेलं असतं की तो पळत असतो? मला हेच कळत नव्हतं, आणि ज्याला विचारावं तो मान डोलवत होता.

माझं नाव अश्वजित. मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर आहे. सतरा हंगाम झाले. शेतकऱ्याची गाडी समोर आली की तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचा, वरचा नव्हे, पोटातला कापूस ओढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा आणि धाग्याची लांबी पाहायची. पालापाचोळा किती, किडीने पिवळी पडलेली कवडी किती, ओल किती. मग तोंडाने सांगायचं, वरची ग्रेड की खालची. दोन मिनिटांचं काम. तेवढा वेळ समोरचा माणूस बैलाच्या शिंगाला धरून माझ्या तोंडाकडे बघत असतो. माझी माय आयुष्यभर लोकांच्या वावरात कापूस वेचत आली. तिने वेचलेला कापूस दुसऱ्याच्या गाडीतून माझ्यापुढे यायचा, आणि तिच्या पोराने त्याची ग्रेड लावायची. याचा तिला फार अभिमान. बायांमध्ये बसली की सांगायची, आमी वेचतो तो कापूस माह्या अश्वजितच्या हातून पास होते.

दोन हजार चार-पाचच्या त्या हंगामात कापूस दणकून आला आणि भाव बसला. व्यापाऱ्यांनी हात आखडते घेतले, त्यामुळे सगळ्या गाड्या आमच्या केंद्रावर. रांग वणी रोडवर दूरवर गेलेली. माणसं दोन-दोन दिवस गाडीखालीच झोपायची. सकाळी आठला मी पहिल्या गाडीत हात घालायचो तेव्हा डोकं आधीच तापलेलं असायचं.

डिसेंबरात एका सकाळी सदाशिवरावांची गाडी आली. म्हातारा सज्जन, कधी शब्दाला शब्द न देणारा. मी हात घातला तर कापूस ओला. वजन वाढावं म्हणून पाणी मारून आणणारे असतात, त्यांची मला भयंकर चीड. मी सगळ्या रांगेसमोर त्यांना झाडलं. पाणी पाजून आणता, वयाची तरी लाज ठेवा, असं बरंच काही बोललो. ते म्हणाले, दोन रात्री लाइनीत उभा आहे साहेब, दव पडलं असेल. मी ऐकलं नाही. खालची ग्रेड लावली, चिठ्ठी फाडून हातात दिली, गाडी रिकामी झाली. आणि मग मागच्या गाडीत हात घातला तर तीही ओली. तिच्या मागचीही. सगळी रांगच दवाने भिजली होती. मी तोंडाने काही न बोलता बाकीच्यांना नेहमीप्रमाणे ग्रेड लावत गेलो. सदाशिवरावांचा कापूस तोवर मोठ्या गंजीत मिसळला होता. त्यातून कुणाचा कोणता, देवालाही निवडता आला नसता, आणि आम्ही तर देव मानतही नाही.

चिठ्ठी बदलता आली असती. इन्चार्ज साहेबांकडे जाऊन माझी चूक झाली असं म्हणायला हवं होतं. मी गेलो नाही, कारण रांगेसमोर मला माझं तोंड वाचवायचं होतं. ही त्यातली खरी गोष्ट आहे.

तेव्हापासून माझा हात बिघडला. कोणत्याही गाडीत घातला की मला ओलच लागायची. मी संध्याकाळी स्कूटर काढून गावच्या विहारात जाऊन बसू लागलो. माझं गाव मारेगावहून बारा किलोमीटरवर. तिथे माझी माय एकटी राहते आणि विहारात भंते धम्मरत्न राहतात. भंते पुसदकडचे, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि थट्टेखोर. मी गेलो की विचारायचे, ग्रेडर साहेब, आज मनाची ग्रेड काय लागली? मी म्हणायचो, खालची. ते म्हणायचे, हात नीट आतपर्यंत घातला होता का?

जानेवारीत केंद्रावर गंज्या लावायला जागा उरली नाही आणि खरेदी दोन आठवडे बंद झाली. त्याच दिवसांत भंतेंनी दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर ठेवलं होतं. आमच्या समाजात हा रिवाज आहे. नोकरी-धंदा करणारा माणूस दहा दिवस डोकं भादरतो, चीवर घालतो, भिक्खूसारखा राहतो, आणि अकराव्या दिवशी चीवर परत करून आपल्या ड्युटीवर हजर होतो. आम्ही बावीस जण होतो. वणीच्या खाणीतले चार कामगार, दोन एसटीचे कंडक्टर, एक मास्तर, बाकी कॉलेजची पोरं. बाराच्या आत एकदा जेवायचं, नंतर पाण्यावर. पहिले तीन दिवस मी मनातल्या मनात सगळ्यांवर खेकसत होतो. शेजारचा कंडक्टर पाली गाथाही तिकीट फाडल्यासारख्या भराभर म्हणायचा, त्याचा तर मला विशेष राग.

पाचव्या दिवशी सकाळी बसलो आणि काहीच झालं नाही. कुणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. मला कशाचीच ग्रेड लावायची नव्हती. बरं की वाईट, वर की खाली, काही नाही. मला रडू आलं, आणि ते सुखाचं रडू होतं. सतरा वर्षांत मी एवढा मोकळा झालो नव्हतो.

भंतेंनी ते पाहिलं असावं. त्या दुपारी ते म्हणाले, राहून जायचं असेल तर राहा, संघाला माणसं लागतात. मग त्यांनी नियम सांगितले. भिक्खू होण्याआधी संघ काही प्रश्न विचारतो, अडीच हजार वर्षं तेच प्रश्न. त्यातले दोन माझ्या गळ्याशी आले. पहिला, तू राजाचा नोकर तर नाहीस ना? तेव्हा म्हणे राजाचे शिपाई लढाई टाळून संघात यायला लागले होते, म्हणून हा नियम झाला. आधी राजीनामा, मग दीक्षा. दुसरा, आईवडिलांची परवानगी आहे ना? पोर गेल्यावर बुद्धाच्या स्वतःच्या बापाला फार लागलं होतं, तेव्हापासून हे विचारलं जातं. माझा बाप वारलेला. राहिली माय.

लढाई टाळणाऱ्या शिपायांची गोष्ट मला नको तेवढी लागली. मी भंतेंना विचारलं, माणूस पळून आला की खरा आला, हे तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, मला नाही कळत, त्याला कळलं पाहिजे. हे ऐकून मला पुन्हा राग आला. गुरूने निदान एखादं उत्तर तरी ठेवावं जवळ.

नवव्या दिवशीचं भोजनदान माझ्या मायकडे होतं. भंते आणि आम्ही चार श्रामणेर. अंगणात तिने सतरंजी टाकून वर पांढरी चादर अंथरली होती. आम्ही वर बसलो आणि ती पांढरं लुगडं नेसून समोर खाली मातीत. तिचं नाव कांताबाई. छप्पन साली आठ वर्षांची होती, तेव्हा तिच्या बापाने तिला खांद्यावर घेऊन धम्मदीक्षेसाठी नागपूर गाठलं होतं. परत आल्यावर त्याने घरातले देवांचे टाक, मूर्ती सगळं नाल्यात सोडलं. हे मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं होतं.

माय वंदन करायला वाकली. मलाही. ‘वंदामि भंते’ म्हणत तिचं कपाळ तीनदा जमिनीला लागलं. तिसऱ्या वेळी तिचा गुडघा धरला आणि तिला उठता येईना. जन्मभर वाकून निंदण केलेला गुडघा तो. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. पण श्रामणेराने बाईला हात लावायचा नसतो, आईलाही नाही. मी चीवरात हात घेऊन तसाच बसलो. सकाळपासून मदतीला आलेली साधना स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने उठवलं. जाताना तिने माझ्याकडे एक नजर टाकली. मी खाली बघितलं.

जेवण झालं, गाथा झाल्या, आणि मग मी ते केलं. आधी ठरवलं नव्हतं. पँट-शर्टात मायशी असलं काही बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, ती रडते, मी निघून जातो, असंच आजवर झालं आहे. चीवर अंगावर असलं की आवाज खाली राहायचा. म्हणून तिथेच, सगळ्यांसमोर, विहारातल्या पुस्तकी भाषेत मी म्हणालो की मला गृहत्याग करून भिक्खू व्हायचं आहे, तरी परवानगी द्यावी.

ती नाही म्हणेल याची मला खात्री होती. खात्री काय, भरवसा होता. तिने नाही म्हटलं की प्रश्न मिटला असता. मी आज्ञाधारक पोरगा म्हणून कामावर गेलो असतो, आणि जन्मभर मनातल्या मनात म्हणत राहिलो असतो की मी तर निघालो होतो, मायने अडवलं.

तिने मान वर केली नाही. हात जोडलेले होते.

“हो भंते,” ती म्हणाली. “माही परवानगी हाये.”

सगळ्यांनी तीनदा साधू साधू साधू म्हटलं.

आमच्या गावातून आजवर एकही भिक्खू झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत बातमी घरोघरी पोचली. विहार समितीचे उकंडा काका, माझ्या बापाचे मित्र, त्यांनी जाहीर करून टाकलं की बुद्धपौर्णिमेला दीक्षा, मोठा मांडव घालू, पंचक्रोशीला जेवण देऊ. मला कुणी विचारलं नाही. मी तर आधीच बोलून बसलो होतो. एक बाई माझ्या पाया पडताना म्हणाली, कांताबाईचं भाग्य. मी माय कुठे आहे ते पाहिलं. ती भांडी घासत होती.

अकराव्या दिवशी चीवर परत केलं, पँट चढवली, पट्टा एक भोक आत गेला होता. घरी पायलने, माझ्या मुलीने, फक्त एवढंच विचारलं की तिने यापुढे मला बाबा म्हणायचं की भंते, आणि उत्तराची वाट न पाहता गणिताचं पुस्तक उघडलं. साधनाला मी दोन दिवसांनी विचारलं. ती भाकर थापत होती. हात थांबवले नाहीत.

“पायलचे बाबा, मले इचारू नका,” ती म्हणाली. “मी हो म्हटलं त उद्या म्हणान, बायकोनंच लावून देलं. नाही म्हटलं त म्हणान, बायकोनं बेडी घातली. दोन्ही घडे माह्याच डोक्यावर काहून?”

मला राग आला. राग येतो तेव्हा समोरच्याचं खरं असतं, हे मला चाळिशीत कळू लागलं आहे. त्याचा उपयोग मात्र अजून करता आलेला नाही.

मी राजीनामा लिहिला. चार ओळींचा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं, मग खोडून ‘आध्यात्मिक कारणास्तव’ लिहिलं, मग ते वाचून मलाच हसू आलं आणि पुन्हा ‘वैयक्तिक’ केलं. स्वच्छ कागदावर उतरवून घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. साधनाला दाखवला. तिने अक्षर चांगलं आलं म्हटलं. भंतेंना दाखवला. त्यांनी वाचून परत दिला आणि सांगितलं की आईची परवानगी एकदा कागदावर घेऊन ठेवा, संघात वरिष्ठ भंते असतात, ते मागतात.

केंद्र पुन्हा सुरू झालं. भादरलेल्या डोक्यावर टोपी घालून मी गाड्यांपाशी उभा राहिलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. कुणी साहेब म्हणायचं, कुणी चुकून भंते. चौथ्या दिवशी सदाशिवराव दुसऱ्या वेच्याचा कापूस घेऊन आले. मी हात घातला. कापूस कोरडा, धागा चांगला. वरची ग्रेड लावली. यात मेहेरबानी काही नव्हती, कापूसच तसा होता. पण चिठ्ठी त्यांच्या हातात देताना मी म्हणालो की मागच्या वेळी माझं चुकलं, पाणी नव्हतं, दवच होतं, मला त्याच दिवशी कळलं होतं.

त्यांनी चिठ्ठीची घडी केली, बंडीच्या खिशात ठेवली.

“झालं ते झालं,” ते म्हणाले. “नोकरी सोडून चालले म्हणतात तुमी. माह्या गाडीपायी त नाही ना?”

मी नाही म्हणालो. ताबडतोब म्हणालो. आणि बैल वळून गाडी निघून गेल्यावर तिथेच उभा राहिलो. खोटं बोलायचं नाही हे शील मी दहा दिवस पाळलं होतं, आणि आत्ता जे बोललो ते खरं की खोटं हेच मला माहीत नव्हतं. त्यांच्या गाडीपायी असेल तर आता माफी मागून झाली होती, मग जायचं कारण संपायला हवं होतं. ते संपलं नव्हतं. पाचव्या दिवशीची ती सकाळ मला अजून हवी होती. आणि तरी, म्हाताऱ्याच्या कापसातून बाहेर काढलेल्या हाताला कितीतरी दिवसांनी कोरडं वाटलं होतं, तेही मला हवं होतं. मागच्या गाडीवाल्याने हाक मारली, साहेब, पाहता ना?

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी परवानगीचा कागद घेऊन गावी गेलो. मजकूर मी आधीच लिहून नेला होता, फक्त सही हवी होती. माय ओसरीत तूर पाखडत बसली होती. मी पँट-शर्टातच होतो. तिने मला पाहिलं, सूप बाजूला केलं, जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात फिरवला. नुकते उगवलेले केस तिच्या तळव्याला टोचले असणार. बराच वेळ फिरवत राहिली. दहा दिवसांचा हिशेब चुकता करत होती.

मी कागद पुढे केला. म्हणालो, त्या दिवशी तू बोललीस तेच लिहिलं आहे, इथे सही कर. साक्षरता वर्गात ती सही शिकली होती. पेन घेतला, पण टेकवला नाही.

“त्या दिवशी तू काहून इचारलं तसं?” ती म्हणाली.

मी म्हणालो, कसं?

“चीवर घालून. माह्या बापानं छप्पन साली सांगतलं होतं, कांते, चीवर दारात आलं आन् काही मागतलं त नाही म्हणाचं नाही. जे असन ते द्याचं. तू चीवर घालून बसला आन् माह्या जवळचं मागतलं. मी देलं. मी भंतेले देलं. माह्या पोराले अजून काहीच बोललो नाही मी.”

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चार पिढ्यांत पहिल्यांदा शिकलेला मी, दहा दिवस शील-समाधी घोकलेला मी, आणि माझ्या आईला चीवरासमोर नाही म्हणता येणार नाही ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. किंवा आली असेल आणि म्हणूनच विचारलं असेल. आता हेही मला नक्की सांगता येत नाही.

“आता इचार,” ती म्हणाली. “पँटवर इचार.”

मी जमिनीकडे बघत होतो. तुरीचा कोंडा उडून माझ्या बुटांवर बसला होता.

“माय, जाऊ का?”

“मी नाही म्हटलं त थांबशीन?”

“थांबीन.”

“मंग तुले जायाचंच नाही. आन् मी जाय म्हटलं त जाशीन?”

“जाईन.”

“मंग तुले राह्याचंबी नाही.” ती म्हणाली. “दोन्ही माह्याच तोंडून पाह्यजे तुले. मी काय ग्रेड लावाले बसलो इथं?”

आणि मग जे होऊ नये म्हणून मी चीवर घातलं होतं तेच झालं. माझा आवाज चढला. चाळीस वर्षांचा मी, मायवर ओरडलो की तू एकदाचं सांगून टाक, तुला मी हवा आहे की नको, तू अडवत का नाहीस मला, बाकीच्या आया अडवतात तशी. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. माय रडली नाही. उलट शांत झाली. म्हणाली, “तू मले पाह्यजे. गुडघा धरला तवा हात देणारा पाह्यजे. हे खरं हाये, इचारलं म्हणून सांगतो. पन हे माहं झालं. तुले काय पाह्यजे ते मी कसं सांगू बाप्पा?”

तिने कागद मांडीवर घेतला आणि सही केली. एकेक अक्षर. कांताबाई लिहिताना ‘ई’ला वेळ लागला. माझ्या हातात कागद देताना मला जे वाटलं ते सांगायलाच हवं: परवानगी मिळाली आणि मला पोरकं वाटलं. मला अडवणारं आता या जगात कोणी उरलं नव्हतं.

कागद खिशात ठेवताना आतला दुसरा कागद बाहेर आला. तिने विचारलं तो कशाचा. मी म्हणालो, राजीनामा. वाच म्हणाली. मी मोठ्याने वाचून दाखवला, चारही ओळी, खालच्या नावासह. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग विचारलं, कधी लिहिला? मी सांगितलं, महिना होत आला. आणखी कोणाला दाखवला, असं विचारलं. सांगितलं, साधनाला, भंतेंना, एकदा उकंडा काकांनाही.

“हा द्याचा कोणाले अस्ते?”

“आमच्या इन्चार्ज साहेबाले.”

“मंग मले काहून वाचून दाखवून राह्यला?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं आणि तिने विचारलं. मी कागदाची घडी घातली. तिने सूप ओढून घेतलं आणि जेवून जा म्हणाली. मी जेवलो.

त्याला आता बारा दिवस झाले. बुद्धपौर्णिमेला सव्वादोन महिने आहेत, मांडवाची तारीख उकंडा काकांनी धरून ठेवली आहे. दोन्ही कागद माझ्या खिशात आहेत. इन्चार्ज साहेबांच्या टेबलासमोरून मी रोज दोनदा जातो, सकाळी चिठ्ठ्यांचं पुस्तक घ्यायला आणि संध्याकाळी ते परत करायला. आज संध्याकाळी पुस्तक ठेवून मी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभा राहिलो असेन. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, काही काम होतं का अश्वजित?

मी म्हणालो, नाही साहेब.